पोपांचे नगर, नाटकांचे नगर

चौदाव्या शतकात सुमारे सत्तर वर्षे ख्रिस्ती धर्मजगताची सूत्रे रोममधून नव्हे, तर दक्षिण फ्रान्समधील आविन्यों या गावातून हलत होती. पोप गेले, त्यांचा महाल मागे राहिला. या ओस पडलेल्या महालाला विसाव्या शतकात नाटकाने पुन्हा जाग आणली. हे शहर आणि त्याभोवतीचा प्रोव्हान्सचा मुलूख पाहायला जाणाऱ्याने काय पाहावे, कधी जावे आणि वाढत्या उन्हाळ्याने या मुलखापुढे कोणते प्रश्न उभे केले आहेत, याचा हा वेध...

फ्रान्सला जाणारा भारतीय पर्यटक सहसा पॅरिस पाहतो आणि तेथूनच स्वित्झर्लंडची वाट धरतो. दक्षिणेकडे वळणाऱ्यांची संख्या त्यामानाने थोडी. वास्तविक २००१ साली भूमध्य समुद्राच्या दिशेने जाणारा अतिवेगवान टीजीव्ही रेल्वेमार्ग खुला झाल्यापासून पॅरिस ते आविन्यों हे अंतर पावणेतीन तासांच्या आत आले आहे. वाटेत निसर्ग हळूहळू बदलत जातो. उत्तरेकडची काळी उतरती छपरे जाऊन लाल कौले दिसू लागतात, ओल्या कुरणांच्या जागी द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागा येतात आणि शेतांच्या बांधांवर सुरूच्या झाडांच्या भिंतीसारख्या दाट रांगा उभ्या दिसतात. या रांगा शोभेसाठी नाहीत. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून समुद्राकडे धावणारा 'मिस्त्राल' नावाचा थंड, कोरडा वारा पिके झोडपून काढतो. ताशी शंभर किलोमीटरहूनही अधिक वेग तो गाठू शकतो. म्हणून शेताला सुरूचा आडोसा, म्हणून जुन्या घरांच्या उत्तरेकडच्या भिंतींना खिडक्या नाहीत आणि म्हणूनच अनेक चर्चच्या मनोऱ्यांवर घंटा टांगायला दगडी कळसाऐवजी लोखंडी सांगाडा, ज्यातून वारा आरपार जावा! प्रोव्हान्सचे स्थापत्य समजून घ्यायचे तर आधी हा वारा समजून घ्यावा लागतो.

पोप इथे का आले?

आविन्यों हे ऱ्होनच्या डाव्या तीरावरचे सुमारे नव्वद हजार वस्तीचे शहर. जुने गाव मात्र अजूनही सव्वाचार किलोमीटर लांबीच्या चौदाव्या शतकातील तटबंदीच्या आत आहे. १३०५ साली क्लेमेंट पाचवे हे फ्रेंच धर्मगुरू पोपपदी निवडले गेले. रोममध्ये त्या वेळी सरदार घराण्यांची भांडणे विकोपाला गेली होती आणि फ्रान्सचा राजा फिलिप चौथा याचे वजन पोपच्या दरबारात वाढत चालले होते. क्लेमेंट रोमला गेलेच नाहीत. १३०९ मध्ये ते आविन्योंला येऊन राहिले. जागा सोयीची होती. हे गाव त्या वेळी फ्रान्सच्या राज्यात नव्हते. ते प्रोव्हान्सच्या सरदारांकडे, म्हणजेच नेपल्सच्या राजघराण्याकडे होते. लगतचा 'कोंता व्हनेसँ' हा प्रांत तर १२७४ पासून पोपच्याच मालकीचा होता. फ्रान्सची हद्द नदीपलीकडे सुरू होत होती. फ्रान्सच्या छायेत, पण फ्रान्सच्या बाहेर, असे हे ठिकाण होते.

तात्पुरता वाटलेला हा मुक्काम लांबला. एकामागून एक सात पोप येथे झाले आणि सातही फ्रेंच होते. १३४८ साली क्लेमेंट सहावे यांनी नेपल्सची राणी जोआना हिच्याकडून अख्खे शहरच ऐंशी हजार सुवर्ण फ्लोरिनांना विकत घेतले. पोपबरोबर कार्डिनल आले, कार्डिनलांबरोबर लवाजमा आला. सावकार, वकील, चित्रकार, व्यापारी, मागतकरी, सारेच आले. लहानसे गाव काही वर्षांत युरोपातील गजबजलेल्या राजधान्यांच्या पंक्तीला जाऊन बसले. या वैभवाची आणि त्यातील लाचलुचपतीची सर्वांत कडवट टीका केली ती याच शहरात वाढलेल्या पेत्रार्क या इटालियन कवीने. त्याने आविन्योंला बॅबिलोनची उपमा दिली.

ग्रेगरी अकरावे १३७७ च्या जानेवारीत रोमला परतले. पण पुढच्याच वर्षी त्यांच्या मृत्यूनंतर निवडणुकीवरून वाद झाला आणि रोममध्ये एक, आविन्योंत एक असे दोन पोप एकाच वेळी गादीवर बसले. १४०९ नंतर काही काळ तर तिघे जण स्वतःला खरे पोप म्हणवून घेत होते. ही फूट मिटायला १४१७ साल उजाडले. शहराची मालकी मात्र पोपकडेच राहिली आणि १७९१ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, आविन्यों फ्रान्सचा भाग झाले.

एक महाल, दोन स्वभाव

पोपचा महाल दुरून पाहिला तर किल्लाच वाटतो. पंधरा हजार चौरस मीटरांचा हा अवाढव्य पसारा दोन पोपांनी मिळून वीस वर्षांच्या आत उभा केला. बेनेडिक्ट बारावे हे कठोर शिस्तीच्या सिस्टरशियन पंथाचे. त्यांनी बांधलेला जुना भाग जाड भिंतींचा, अलंकारहीन, मठासारखा आहे. त्यांच्यानंतरचे क्लेमेंट सहावे रसिक आणि सढळ हाताचे. त्यांनी जोडलेल्या नव्या भागात उंच कमानी, प्रशस्त दालने आणि इटलीच्या मातेओ जिओव्हानेत्ती याने रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. क्लेमेंट यांच्या खासगी अभ्यासिकेत भिंतभर शिकारीची, मासेमारीची आणि फळझाडांची चित्रे आहेत. धर्मगुरूच्या खोलीत धर्माचा एकही प्रसंग नाही, याचे पाहणाऱ्याला नवल वाटते.

याच क्लेमेंट यांच्या कारकिर्दीत, १३४८ मध्ये, प्लेगची काळी साथ आविन्योंत शिरली. दफनभूमी अपुऱ्या पडल्या तेव्हा पोपने ऱ्होन नदीलाच पवित्र भूमीचा दर्जा दिला आणि प्रेते नदीत सोडली जाऊ लागली. वैद्यांच्या सल्ल्याने पोप स्वतः दोन धगधगत्या शेगड्यांच्या मध्ये बसून राहिले. साथीचे खापर युरोपभर ज्यूंवर फोडले जात असताना मात्र त्यांनी ज्यूंना संरक्षण देणारी फर्माने काढली. फ्रान्सच्या राज्यातून हाकलले गेलेले ज्यू पोपच्या या मुलखात तगून राहिले. जवळच्या कार्पाँत्रा गावातील सिनेगॉग मूळचे चौदाव्या शतकातील असून आजही तेथे प्रार्थना होते. पोपचे राज्य म्हणून ज्यूंना सुखाचे होते असे नव्हे. त्यांना ठरावीक गल्ल्यांतच राहावे लागे आणि ओळखीची खूण अंगावर वागवावी लागे. पण जगता येत होते.

महालात शिरणाऱ्याने एका गोष्टीची तयारी ठेवावी. आत फर्निचर, गालिचे, सिंहासने यांतले काहीही नाही. राज्यक्रांतीत लूट झाली आणि पुढे १९०६ पर्यंत ही वास्तू लष्कराची बराक होती. सैनिकांनी भित्तिचित्रांचे तुकडे कापून विकल्याचाही इतिहास आहे. मेजवान्यांचे ४८ मीटर लांबीचे दालन आज रिकामे आहे. प्रवेशाबरोबर मिळणाऱ्या टॅब्लेटच्या पडद्यावर दालनांचे जुने रूप दिसते. त्याचा उपयोग जरूर करावा. अन्यथा 'नुसत्या भिंती पाहिल्या' अशी भावना घेऊन परतावे लागते.

अर्धवट राहिलेला पूल

महालापासून चालत पाच-सात मिनिटांवर सेंट बेनेझेचा पूल आहे. फ्रान्समधील प्रत्येक मूल या पुलावरच्या नाचाचे बडबडगीत पाठ म्हणते. आख्यायिका अशी, की बेनेझे नावाच्या मेंढपाळ मुलाला पूल बांधण्याची दैवी आज्ञा झाली आणि १२ व्या शतकाच्या अखेरीस काम सुरू झाले. १२२६ मध्ये फ्रान्सचा राजा लुई आठवा याने शहराला वेढा घातला तेव्हा पूल उद्ध्वस्त झाला. नंतर तो दगडात नव्याने बांधला गेला. बावीस कमानींचा, सुमारे नऊशे मीटर लांबीचा हा पूल एके काळी या भागातील ऱ्होन ओलांडण्याचा मोठा आधार होता.

ऱ्होनचा पूर दर काही वर्षांनी त्यातल्या कमानी ओढून नेई. दुरुस्ती करायची कोणी, हा प्रश्न कायम भिजत पडे. एका तीरावर पोप, दुसऱ्या तीरावर फ्रान्सचा राजा आणि नदीवर हक्क राजाचा! सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पूल सोडून देण्यात आला. आज चारच कमानी उभ्या आहेत आणि पूल नदीच्या मध्यावर येऊन थांबतो. एकाच पुलाचे दोन धनी असले म्हणजे काय होते, याचा हा दगडी पुरावाच. १९९५ मध्ये महाल, पूल आणि परिसराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

पूल आणि महाल यांचे एकत्रित उत्तम दर्शन घडते ते पलीकडच्या व्हिलनव्ह गावातून. तेथे फ्रान्सच्या राजांनी पोपच्या शहरावर नजर ठेवण्यासाठी बुरूज आणि किल्ला बांधला. सायंकाळी, पश्चिमेकडून येणाऱ्या उन्हात महालाच्या भिंती उजळून निघतात, तेव्हा येथे जावे.

रिकाम्या अंगणातील नाटक

आविन्योंचा दुसरा जन्म १९४७ चा. त्या वर्षी महालाच्या प्रार्थनागृहात आधुनिक चित्रांचे प्रदर्शन भरत होते आणि त्याच्या जोडीला काही सादर करावे, असे आमंत्रण जाँ व्हिलार या तरुण दिग्दर्शकाला मिळाले. महालाच्या उघड्या चौकात त्याने शेक्सपिअरचे 'रिचर्ड दुसरा' उभे केले. फ्रान्समधील नाटक तेव्हा पॅरिसच्या मखमली खुर्च्यांत अडकले होते. पाणी, गॅस आणि वीज यांसारखीच नाटक हीदेखील सार्वजनिक सेवा आहे, ही व्हिलारची भूमिका होती. त्यातून दर जुलैमध्ये भरणारा आविन्यों महोत्सव उभा राहिला. सुमारे दोन हजार प्रेक्षक त्या चौकात बसतात आणि प्रयोग सुरू होण्यापूर्वी मॉरिस जार या संगीतकाराने रचलेली तुताऱ्यांची धून वाजते. कधी मिस्त्राल सुटतो आणि नटांना वाऱ्याशी झुंजत संवाद म्हणावे लागतात.

भारतीय वाचकाला या महोत्सवातील एक प्रयोग विशेष जवळचा वाटेल. ७ जुलै १९८५ रोजी शहरापासून काही किलोमीटरांवरच्या बुलबों येथील दगडाच्या खाणीत पीटर ब्रुक यांनी 'महाभारत' सादर केले. जाँ-क्लोद कारिएर यांनी लिहिलेली ही फ्रेंच संहिता नऊ तासांची होती. तिचे काही प्रयोग रात्रभर चालत आणि पहाटेच्या उजेडात संपत. अनेक देशांतील नटसंचात द्रौपदीची भूमिका मल्लिका साराभाई यांनी केली. पाश्चात्त्य रंगभूमीने या प्रयोगाला डोक्यावर घेतले. भारतात मात्र त्यावर वाद झाला. रुस्तम भरुचा यांच्यासारख्या समीक्षकाने महाकाव्य त्याच्या मातीपासून तोडल्याचा आक्षेप घेतला. दोन्ही बाजू आजही नाट्यशास्त्राच्या वर्गांत अभ्यासल्या जातात.

मुख्य महोत्सवाला समांतर असा 'ऑफ' महोत्सव आहे. १९६६ मध्ये आंद्रे बेनेदेतो या स्थानिक रंगकर्मीने अधिकृत कार्यक्रमाबाहेर आपले नाटक केले, तेथून त्याची सुरुवात झाली. आज 'ऑफ'मध्ये दीड हजारांच्या आसपास प्रयोग असतात. शाळा, चर्च, गॅरेज, तळघर, मिळेल त्या जागेचे नाट्यगृह होते आणि एकेका रंगमंचावर सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक नाटके चालतात. खांबाखांबावर जाहिराती आणि रस्त्यात वेशभूषेसह पत्रके वाटणारे नट, हे जुलैतले नेहमीचे दृश्य.

पाहणाऱ्याला ही जत्रा वाटते; करणाऱ्याला मात्र तो जुगार असतो. 'ऑफ'मध्ये येणारी नाटकमंडळी साधारणतः सभागृहाचे भाडे, राहण्याचा खर्च आणि जाहिरात स्वतःच्या खिशातून करतात. तिकीटविक्रीतून हा खर्च भरून निघेलच याची शाश्वती नसते. आशा असते ती गावोगावच्या नाट्यगृहांचे व्यवस्थापक प्रयोग पाहतील आणि पुढच्या हंगामासाठी विकत घेतील, याची. जुलै महिना फसला तर वर्ष फसते. २००३ मध्ये हंगामी कलाकार व तंत्रज्ञांच्या बेकारभत्त्याचे नियम सरकारने बदलले. त्याविरुद्धच्या संपामुळे महोत्सव रद्द झाला, तेव्हा नटांइतकेच हॉटेलवाले आणि दुकानदारही हवालदिल झाले. २०२० मध्ये करोनाने तीच वेळ पुन्हा आणली. पोपच्या दरबारावर जगणारे शहर आता नाटकावर जगते, हे दोन्ही वेळा दिसून आले.

तटाबाहेरचा मुलूख

आविन्योंला तीन-चार दिवस मुक्काम ठेवला तर आसपासची बरीच ठिकाणे पाहून होतात. पश्चिमेला सुमारे पंचवीस किलोमीटरांवर 'पाँ द्यु गार' हा रोमनांचा तीन मजली जलसेतू आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील हे बांधकाम सुमारे ४९ मीटर उंच आहे. निम शहराला पाणी पुरवणाऱ्या पन्नास किलोमीटर लांबीच्या पाटाचा हा एक टप्पा. या संपूर्ण लांबीत पाट उतरतो तो फक्त बारा-साडेबारा मीटर, म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम वीतभर! आधुनिक उपकरणांशिवाय हा उतार साधणाऱ्या रोमन अभियंत्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. उत्तरेला ओराँज येथे १०३ मीटर रुंदीची दगडी भिंत शाबूत असलेले रोमन नाट्यगृह आहे.

वाटेत शातोनफ-द्यु-पाप लागते. नावाचा अर्थच 'पोपचा नवा किल्ला'. पोप जॉन बावीसावे यांनी बांधलेल्या या उन्हाळी निवासाचा मोठा भाग १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला. गाव ओळखले जाते ते वाइनमुळे. मळ्यांत मातीऐवजी गोटेच दिसतात. दिवसा तापलेले हे गोटे रात्री वेलींना ऊब देतात. बनावट मालाला आळा घालण्यासाठी येथील मळेवाल्यांनी १९२३ पासून स्वतःवर कडक नियम लादून घेतले आणि फ्रान्सच्या वाइन-कायद्याला त्यातून नमुना मिळाला. १९५४ मध्ये या गावाच्या महापौरांनी मळ्यांवर उडत्या तबकड्या उतरवण्यास बंदी घातली होती, हेही गमतीने सांगितले जाते.

पूर्वेकडे फोंतेन-द-व्होक्ल्यूज येथे डोंगराच्या कुशीतून सोर्ग नदी एकदम प्रकट होते. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस चुनखडीतून झिरपत, भूगर्भातील वाटांनी येथे येतो. वसंतात पाणी उसळून वाहते, तर उन्हाळ्यात कुंडात खोल जाते. १९४६ मध्ये जाक कुस्तो येथे बुडी मारताना मरता मरता वाचले. १९८५ मध्ये यंत्राने ३०८ मीटर खोली गाठली. पेत्रार्क शहराच्या कोलाहलाला कंटाळून याच गावी येऊन राहिला होता. ज्या व्हाँतू पर्वतावर तो १३३६ मध्ये चढला, तो १९०० मीटरहून उंच पर्वत या भागातून कोठूनही दिसतो.

पुढे गोर्द हे डोंगरउतारावर रचलेले दगडी गाव, त्याखाली ११४८ मध्ये स्थापन झालेला सेनाँकचा मठ आणि त्यापुढचे लव्हेंडरचे ताटवे. रूसियों गाव गेरूच्या खाणींमुळे पिवळ्या-तांबड्या रंगात न्हालेले आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपण्यासाठी सॅम्युएल बेकेट १९४२ पासून युद्ध संपत येईपर्यंत येथे राहिला आणि शेतावर राबला. त्याच्या 'वेटिंग फॉर गोदो'च्या मूळ फ्रेंच संहितेत या गावाचा उल्लेख आहे. त्या नाटकातील न संपणारी प्रतीक्षा कोठून आली असावी, याचा अंदाज येथे येतो.

तापता उन्हाळा

ज्या उन्हासाठी पर्यटक येथे येतात, तेच ऊन आता काळजीचे कारण झाले आहे. २८ जून २०१९ रोजी जवळच्या एरो जिल्ह्यात ४६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील तो विक्रम ठरला. जुलै २०२२ मध्ये आविन्योंच्या दक्षिणेला माँतान्येत टेकड्यांत वणवा पेटला आणि सुमारे दीड हजार हेक्टर क्षेत्र होरपळले. बुलबोंची ती खाण याच टेकड्यांच्या कुशीत आहे. २०१६ नंतर बंद राहिलेली खाण महोत्सवाचे पोर्तुगीज संचालक तियागो रोद्रिगेस यांनी २०२३ मध्ये पुन्हा रंगमंचासाठी उघडली. पण तेथे नाटक करायचे म्हणजे आग विझवण्याची सज्जता आणि भरपूर खर्च आलाच.

शेतीचेही तेच. द्राक्षांची काढणी पूर्वीपेक्षा काही आठवडे आधी करावी लागते. फळात साखर वाढते, म्हणजे वाइनमध्ये मद्यार्क वाढतो आणि जुनी चव राखणे अवघड होते. लव्हेंडरला कोरड्या उन्हाळ्यांबरोबरच तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या रोगाने घेरले आहे. जांभळे ताटवे पाहायला येणाऱ्याला ते चित्रातल्यासारखे कायमचे वाटतात. ते ज्याच्या शेतात आहेत त्याला दर हंगामाला नवा हिशेब मांडावा लागतो.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

* लव्हेंडर पाहायचे तर जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत जावे. नाटके पाहायची तर जुलैला पर्याय नाही. मात्र राहण्याची जागा अनेक महिने आधी ठरवावी. दगदग नको असेल तर मे किंवा सप्टेंबर उत्तम.

* टीजीव्हीचे स्थानक तटबंदीबाहेर काही किलोमीटरांवर आहे. तेथून गावातल्या मध्यवर्ती स्थानकापर्यंत लोकल गाडी पाच मिनिटांत पोहोचवते. भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो.

* जुने गाव पायी फिरावे. खेड्यांसाठी मात्र भाड्याची मोटार किंवा दिवसाची सहल सोयीची. बस मोजक्या असतात.

* उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यानुसार प्रशासन डोंगरवाटा बंद ठेवते. निघण्याच्या आदल्या सायंकाळी चौकशी करावी.

* शाकाहारींची फारशी अडचण होत नाही. वांगी, टोमॅटो, काकडीच्या जातीची कोवळी भाजी, ऑलिव्हचे तेल आणि लसूण हा येथील स्वयंपाकाचा कणा आहे. सकाळी 'ले आल' या मंडईत जावे. उन्हाळ्यात काव्हायोंचे खरबूज चुकवू नये. अलेक्झांडर द्युमा याने वर्षाला बारा खरबुजांच्या बोलीवर या गावच्या ग्रंथालयाला आपली पुस्तके दिली होती.

* मिस्त्राल उन्हाळ्यातही सुटतो. उघड्यावरच्या रात्रीच्या प्रयोगाला जाताना स्वेटर आणि पातळ शाल सोबत असावी.